मी जरा नदीवर बसून येतो

बाळापूर, जि. अकोला
१२ मे २०१८

वच्छी,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसणार, म्हणून आधीच सांगते: मी निखत. चांदूर बाजारच्या शाळेत खिडकीकडच्या बाकावर तुझ्याशेजारी बसायची ती. गाद्या भरणाऱ्या हुसेनची मुलगी. मॅट्रिकनंतर तुझं लग्न आसरखेडला झालं, माझं इकडे बाळापूरला, आणि एवढ्या दोन ओळींत आपली एकतीस वर्षं संपली. तुझा नंबर माझ्याकडे नाही. गावाचं नाव तेवढं लक्षात होतं, म्हणून ‘वच्छलाबाई पंजाबराव, आसरखेड, ता. चांदूर बाजार’ एवढ्यावर पत्र सोडते आहे. पुढे पोस्टमनची मेहरबानी.

आता का लिहिते ते ऐक. मंगळवारी दुपारी कूलर लावून पडले होते. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. झोप लागली होती की नव्हती हे सांगता येणार नाही, पण त्या मधल्या जागी असताना कानाशी तू बोललीस. एकदम साफ.

“ऐक व पोरी, मले दुपारी सपन पडलं. पूर्णेले पाणी होतं, भर वैशाखात, गुडघ्याइतकं. मी आमच्या यायले म्हटलं, आज तुमी च्या मांडा, मी जरा नदीवर बसून येतो. हे म्हणे, नदीवर काय काम हाय? मी म्हटलं, काईच काम नाही, म्हणून तं चालली! गेली तं काय पाहतो, गावातल्या साऱ्या बाया तिथं बसेल. पाय पाण्यात. डोक्यावर काईच नाही, ना पाण्याची गुंडी, ना भारा, ना पदर. कोणी कोणाले इचारत नाही, काहून आली म्हणून. अन् मंग नदीनंच मले इचारलं, तू कोणाची व?”

आणि तू हसलीस. तिथेच आवाज तुटला.

मी उठून बसले. तू कुठेच नव्हतीस. माझा मुलगा इमरान पलंगाच्या कडेला फोन घेऊन बसला होता. म्हणाला, “अम्मी, ये सुना क्या? पूरे अकोला में चल रहा है.” खरंच चालू आहे. पोरं डोक्यावर ओढणी घेतात, हातात चहा उकळायचा गंज धरतात, त्या आवाजावर ओठ हलवतात आणि व्हिडिओ करून टाकतात. माझी सासू आयशाबी ऐंशीची आहे, तिला मराठी धड येत नाही, पण तीही उठता-बसता म्हणते, “मी जरा नदीवर बसून येतो.”

सगळे हसतात. मला हसू आलं नाही, कारण ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. श्वास संपल्यावर शेवटी उचकीसारखं काहीतरी येतं. नववीत त्या उचकीपायी आपण दोघी भूगोलाच्या तासाला वर्गाबाहेर उभ्या होतो.

ती तूच आहेस ना? चार दिवसांनी रमजान लागेल. उपाशीपोटी फार वाट पाहायला लावू नकोस.

तुझी
निखत


आसरखेड
२४ मे २०१८

प्रिय निखत हिस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आनंद झाला. पत्र आधी ह्यांच्या हातात पडलं. पाकीट उलटंसुलटं करून म्हणाले, “कोणाचं हाय?” मी म्हटलं, “शाळेतली मैत्रीण हाय.” लगेच देऊन टाकलं, उघडलंसुद्धा नाही. पत्राला आता कोणी भीत नाही. फोन वाजला की घरातल्या सगळ्यांचे कान टवकारतात. घरात फोन एकच आहे आणि तो ह्यांच्या खिशात असतो. तेव्हा तू पत्रच लिहीत जा.

तू म्हणतेस ती बाई मी नव्हे. तुझा काहीतरी गैरसमज झाला. ते इकडेही वाजत असतं, मी नीट ऐकलेलं नाही. एकासारखा एक आवाज असू शकतो. आणि मी आता पूर्वीसारखी बोलत नाही, हसणं तर दूरच.

मागच्या साली बोंडअळीने कपाशी खाल्ली. उभी पऱ्हाटी उपटून टाकावी लागली. तेव्हापासून गावातली गडीमाणसं पारावर फोन घेऊन बसलेली असतात. बाया निंदणाला जातात. माझी मुलगी सीमा अकोल्याला नर्सिंग शिकते. एकुलती एक आहे. बाकी ठीक.

आयशाबींना माझा नमस्कार सांग.

तुझी
वच्छला

ता. क. त्या बाईने आधी ‘भारा’ म्हटलं आहे, मग ‘गुंडी’. तू उलटं लिहिलंस.


बाळापूर
५ जून २०१८

वच्छी,

बरं बाई, ती तू नव्हेस. नीट न ऐकताही तुला भारा आधी की गुंडी आधी हे ठाऊक आहे, एवढंच. मी काही म्हणत नाही.

पण ती कुठे भेटलीच तर माझे दोन निरोप दे. पहिला असा की मागच्या आठवड्यात अकोल्याला गेले होते, तेव्हा बसस्टँडसमोर एका ऑटोच्या पाठीवर गुलाबी रंगात तिचं वाक्य लिहिलेलं पाहिलं. ऑटो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत मी उन्हात उभी होते. मला वाटलं, आत्ता थांबेल आणि आतून शाळेचा निळा परकर घातलेली कोणीतरी उतरेल.

दुसरा निरोप मोठा आहे. परवा असर आणि मगरिबच्या मधे, रोजा सोडायला तासभर होता तेव्हा, मी किल्ल्याखाली गेले. तिथे मन आणि म्हैस या दोन नद्या मिळतात. या दिवसांत पाणी कुठलं, नुसती वाळू आणि एक हिरवट डबकं. मी दगडावर बसले. काही काम नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून ही नदी रोज पाहते, पण तिच्याकाठी बिनकामाची कधी बसले नव्हते. वारा सुटला होता. डोळे अर्धे मिटले की वाळूच पाण्यासारखी चमकायची.

पाच मिनिटं झाली नसतील, तर एक ओळखीचे गृहस्थ सायकल थांबवून म्हणाले, “भाभी, कुछ गुम गया क्या?”

बाई नदीकाठी एकटी बसली म्हणजे तिचं काहीतरी हरवलंच असणार! मी म्हटलं, “हां भाई, ढूंढ रही हूं.” तर तेही बिचारे उतरून माझ्याबरोबर वाळूत शोधू लागले. काय शोधायचं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या बाईला सांग, घाबरू नकोस. तिचं नाव मी कोणाजवळही काढलेलं नाही.

तुझी
निखत


आसरखेड
१९ जून २०१८

निखत,

तुझं पत्र वावरात नेऊन वाचलं. सायकलवाला तुझ्याबरोबर वाळूत शोधतो आहे तिथे आले आणि इतकी हसले की धुऱ्यापलीकडच्या शेतातल्या बायांनी माना वर केल्या. आता खोटं बोलून काय उपयोग! मीच ती.

झालं असं. आमच्या अकरा बायांच्या बचत गटाला एका संस्थेने फोन दिला आहे, पिकाचा सल्ला आणि हवामान कळावं म्हणून. तो आठ-आठ दिवस एकेकीकडे राहतो. कोणाची पाळी ते वहीत लिहिलेलं असतं. एप्रिलच्या शेवटी पाळी भागीरथाची होती. ही भागीरथा माझ्या घरामागे राहते, अठ्ठावीस वर्षांची आहे. मागच्या दिवाळीआधी कपाशीवर फवारताना तिच्या नवऱ्याला विष लागलं, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तो गेला. दोघी मिळून निंदण करतो. ती फार बोलत नाही, पण सोबत बरी वाटते.

सीमाला होस्टेलात करमत नव्हतं. परीक्षा होती, झोप येत नव्हती. म्हणायची, आई, तू काहीही बोल, मी ऐकत पडते. आता ह्यांच्या फोनवर मी काय बोलणार? हे समोर बसून असतात. म्हणून भागीरथाकडून तासाभरासाठी फोन मागून आणला. एका तासासाठी वहीत कोण लिहितं! पऱ्हाट्यांच्या ढिगामागे बसले. सीमाचं नाव सगळ्यांत वर होतं. बोट टेकवणार तेवढ्यात पीकसल्ल्याच्या ग्रुपवर कोणीतरी हवामान टाकलं असावं; तो ग्रुप वर सरकला आणि माझी पोरगी खाली गेली. मला काय माहीत! मी आवाज भरायचं बटण दाबून डोळे मिटले आणि सपन सांगत राहिले. तीन तालुक्यांतले अडीचशे शेतकरी ऐकत होते.

ग्रुपात आमचा नंबर नावानिशी कोणाकडे नसेल. कोणीतरी पुढे ढकललं, त्याने आणखी पुढे, आणि गावात परत आलं तेव्हा ते अकोल्याकडच्या कोण्या बाईचं झालं होतं. सीमाने ओळखलं. ती चिडली होती, आता म्हणते, आई, मी कोणाला सांगितलं नाही. भागीरथालाही ठाऊक आहे. ती नुसती माझ्याकडे पाहून हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

पण निखत, खरं सांगायचं ते हे नाही. हे रोज ते ऐकतात. पाव्हणा आला की लावतात. “आयका, आयका, काय बाई हाय!” म्हणतात आणि पोट धरून हसतात. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी असते. तीस वर्षं एका छपराखाली आहोत. तू अर्धवट झोपेत ओळखलंस. पहिले आठ दिवस मला धाक होता की ह्यांना कळेल. मग वाईट वाटायला लागलं की कळत कसं नाही? मग एकदा भाकरी थापताना उमगलं. घरात मी बोलते काय? ‘जेवता काय’, ‘लाइन आली’, ‘ढोरं सोडली’. एवढंच. मला सलग तीन मिनिटं बोलताना ह्यांनी कधी ऐकलेलंच नाही, मग ओळखतील कुठून?

आणि गंमत सांगू? मला त्यात सुखही वाटतं. मी इथे चुलीपुढे, आणि माझा आवाज अकोल्यात ऑटोवर बसून फिरतो. ज्यांची तोंडं मी पाहिली नाहीत अशा बायांच्या घरात शिरतो. मला मागच्या गल्लीत जायचं तरी सांगून जावं लागतं, त्याला कोणी विचारत नाही. दुपारी डोळा लागला की मी त्याच्या मागेमागे जाते. पूल, कापसाचे गाडे, मग मोठा रस्ता, कुठली तरी अनोळखी गच्ची, वाळत घातलेल्या साड्या. तो पुढे आणि मी मागे. अंगाला वजनच नसतं.

एक कर. कोणाला सांगू नकोस, घरातसुद्धा. ह्यांना कळलं तर सीमाचं शिक्षण सोडवून तिला परत आणतील. फोनानेच बाया बिघडतात असं पारावर रोज चालू असतं.

तुझी
वच्छी


बाळापूर
३ जुलै २०१८

वच्छी,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तुझं नाव कोणाजवळ काढलं नाही असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. तुझा आवाज ऐकून उठले ना, त्याच क्षणी इमरानला म्हणाले, “अरे, ही तर माझी वच्छी आहे! चांदूर बाजारची!” आनंदात तोंडातून गेलं. आणखी एक लपवलं. डोक्यावर ओढणी घेऊन तुझ्या आवाजावर ओठ हलवणारी जी पोरं मी सांगितली, त्यांत पहिला माझा इमरान होता. ओढणी माझी होती. आपलं पोरगं आहे म्हणून मी ‘पोरं’ असं मोघम लिहून मोकळी झाले.

त्याने वाईट मनाने केलं नाही, हे आई म्हणून सांगते आणि तू ऐकून घेतलं नाहीस तरी चालेल. लोक तुला हसतात हे त्याला नंतर नंतर खटकायला लागलं. तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी त्याने नवा व्हिडिओ टाकला. म्हणे, लोकांना कळू दे की ही खरीखुरी बाई आहे. खाली लिहिलं, ‘असली आवाज : चांदूर बाजार तालुका’. नाव लिहिलं नाही, पण तालुका लिहिला. त्याला वाटलं तो तुझी बाजू घेतो आहे.

मी तुझं पत्र वाचलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने व्हिडिओ लगेच काढला, पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. आता कोणाकोणाच्या दारात जाऊन परत मागायचा?

ईदच्या शिरखुर्म्याची गोडी आता तोंडात उरली नाही. मला शिव्या दे, पण उत्तर दे.

निखत


आसरखेड
१८ जुलै २०१८

निखत,

शिव्या द्यायला वेळ नाही. काय झालं ते लिहिते.

तालुका कळल्यावर पारावरच्या पोरांना उद्योग मिळाला. एकाने पीकसल्ल्याच्या ग्रुपात मागे मागे जाऊन एप्रिलचं ते बोलणं शोधून काढलं. नंबर आमच्या गटाच्या फोनचा निघाला. मग वही मागवली. वहीत त्या आठवड्यापुढे भागीरथाचं नाव.

तिचा दीर देवमन अंगणात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. “नवरा मरून वरीस नाही झालं, अन् हिले नदीवर बसाले पाह्यजे! कोणत्या नवऱ्याले च्या मांडाले लावून राहिली व?” भागीरथा दळण निवडत होती. तिने मान वर केली नाही. माझं नाव तिच्या ओठावर असेल, पण तिने ते बाहेर काढलं नाही. मी भिंतीअलीकडे उभी होते, निखत. हातात झाडू होता. मीही बोलले नाही.

तिच्या नवऱ्याच्या जागी तिचं नाव आत्ताच सातबाऱ्यावर चढलं आहे, अडीच एकर. ते देवमनच्या डोळ्यात सलतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्याला निमित्त सापडलं. येत्या २९ तारखेला, रविवारी, मारुतीच्या पारावर बैठक आहे. गावातले जाणते म्हणून देवराव बोलावणार. तिला माहेरी पाठवायचं, गट मोडायचा, फोन परत करायचा, असं आधीच ठरलेलं आहे. बैठक आपली म्हणायला.

ह्यांचंही तेच मत. काल जेवताना म्हणाले, “बाई निलाजरी हाय, पन बोलते मजेदार.” आणि हसले. मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

बोलले तर सीमा घरी बसते. नाही बोलले तर भागीरथा जाते. दुपारी पडते, पण आता सपन पडत नाही. नुसतं छत दिसतं.

तुझा सल्ला मागत नाही. तू पुष्कळ बोलून झालीस.

वच्छला


बाळापूर
२३ जुलै २०१८

वच्छी,

शेवटचं वाक्य बरोबर आहे. ते मी सोसते.

सल्ला देत नाही, फक्त एक तोड सांगते. रविवारी मी आसरखेडला येते. पारावर उभी राहून सांगते की तो आवाज माझा आहे. शाळेतल्या मैत्रिणीकडे आले होते, गटाचा फोन हाती लागला, बोलले. मलाही तुझ्यासारखं बोलता येतं, चांदूर बाजारचीच आहे मी. बाळापूरच्या बाईला तुमचं गाव काय करणार आहे? चार शिव्या देतील आणि मी एसटीने परत येईन. भागीरथा सुटेल, सीमा शिकेल, तू घरात राहशील.

खाली इमरानचा नंबर लिहिला आहे. कुठूनही एक फोन कर, फक्त ‘ये’ म्हण. मी बुरखा अडकवून तयार बसते.

निखत


आसरखेड
१२ ऑगस्ट २०१८

निखत,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी सकाळी तू फोनाकडे बघत बसली असशील आणि इमरान तुझ्याकडे. मी मुद्दाम फोन केला नाही. तू आली असतीस, आणि निभावूनही नेलं असतंस, यात मला शंका नाही. पण रात्रभर एकच विचार येत होता. एवढी एक गोष्ट माझी स्वतःची आहे, बाकी सगळं कोणाच्या ना कोणाच्या नावावर आहे. तीही तुला देऊन टाकली तर माझ्याजवळ काय राहील? म्हणून फोन केला नाही; पण तुझ्यावरचा राग मी त्याच रात्री संपवला. तू चुकून माझा आवाज उघडा केलास आणि मग तो झाकायला स्वतः पुढे झालीस. एवढं कोण करतं?

पारावर गडीमाणसं बसली होती. आम्ही बाया देवळाच्या भिंतीला लागून उभ्या. भागीरथा सगळ्यांच्या पुढे, खाली बसलेली, डोक्यावरून पदर. देवराव म्हणाले, “आधी आयकू द्या.” एका पोराने फोन लाउडस्पीकरला जोडला.

निखत, मी माझा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. तो देवळाच्या कळसावरून गेला, चिंचेतून गेला. मला आठवतं की उन्हाची तिरीप होती, आणि ते सगळं कुठेतरी लांब, पाण्याखाली चाललं आहे असं वाटत होतं. माणसं हसत होती. हेही हसत होते, मांडीवर हात मारून. आणि पदराखाली भागीरथाचे खांदे हलत होते. ती हसत नव्हती.

मी पुढे कधी गेले ते मलाच कळलं नाही. म्हटलं, “बंद करा तो फोन. थो माया आवाज हाय.”

देवराव म्हणाले, “वयनी, तुमी काहून मधात पडता? वहीत हिचं नाव हाय.”

मी म्हटलं, “वहीत तिचं नाव हाय, पन फोन मीनं मांगून नेला होता. सपन मले पडलं होतं. आज तुमी च्या मांडा, मी जरा नदीवर बसून येतो. आयका, तोच हाय का दुसरा?”

एक पोरगा सवयीने हसायला लागला आणि मधेच थांबला. कोणीतरी मागून विचारलं, “मंग पुढं काय झालं?”

“पुढं काई नाही झालं. पुढं यायनं हाक मारली, च्या मांड म्हणून. मी उठली.”

या वेळी बाया हसल्या. गडी नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे असे बघत होते, जसं बाजारात कोणीतरी हाक मारावी आणि ती कोणी मारली ते सापडू नये. हळूच म्हणाले, “तुया आवाज हाय थो?”

मग खरी गंमत झाली. देवराव खाकरले आणि म्हणाले, “जाऊ द्या मंग. पंजाबरावची घरवाली हाय. गमतीनं बोलली असन. उठा, बैठक झाली.” माणसं उठायलाही लागली! पंधरा दिवस ज्या बोलण्यासाठी भागीरथाला गावाबाहेर काढत होते, ते माझं निघाल्याबरोबर गंमत झालं. का, तर माझा नवरा जिवंत आहे आणि पारावर बसलेला आहे.

मला तेव्हा जसा राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. मी म्हटलं, “बसा. कोणी उठू नका. भागीरथाले जे सांगितलं थेच मले सांगा. तिले माहेरी धाडत होते, मलेबी धाडा. माये माय-बाप नाहीत, तं रस्त्यावर धाडा. नाहीतं तिलेबी म्हणा, गमतीनं बोलली असन. माया सपनाची सजा तिले काहून?”

देवमन उठून निघून गेला. देवराव जमिनीकडे बघत म्हणाले, “भागीरथा कुठंच नाही जात.” भागीरथा उठली, माझ्याजवळ आली आणि माझा हात धरला. आम्ही दोघी घरी आलो. हे आमच्या पुढे चालत होते, एकटेच.

गट मोडला नाही. फोन मात्र गेला, देवरावांनी संस्थेला परत करायला लावला. सीमाचं अजून ठरलेलं नाही. आणा तिला परत, असं हे म्हणाले नाहीत, आणि राहू दे असंही म्हणाले नाहीत. मी तिला लिहून कळवलं आहे की कोणी न्यायला आलं तर माझी चिठ्ठी असल्याशिवाय निघू नकोस.

ह्यांनी आठ दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त ओट्यावर बसून ते माझं बोलणं कानाला लावून ऐकायचे. आता हसत नव्हते. एकदा, दोनदा, परत पहिल्यापासून. मी आतून बघायची. शेवटी मंगळवारी मी बाहेर आले आणि म्हटलं, “मी अठीच हावो ना. त्याले काय आयकता?”

त्यांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, “बोल.”

निखत, मला काही सुचेना गं. मनात एवढं साठलेलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी बोल म्हटलं तर त्यातलं एकही सापडेना. सपनं आठवेनात, तक्रारी आठवेनात. मग एकच गोष्ट समोर आली, पदराखाली हलणारे ते खांदे. मी म्हटलं, “तुमी हासले होते. भागीरथाच्या घरी जा, तिची माफी मांगा. मंग बाकीचं बोलतो.”

ते उठून ढोरांकडे गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून बाहेर पडले आणि लगेच परत आले. परवाही तसंच. भागीरथा ह्यांना बाबाजी म्हणते; आज तीच मला निंदताना सांगत होती, “बाबाजी फाटकापाशी आले होते. कडीले हात लावला, उभे राहिले, अन् चालले गेले.”

मी घरी येऊन काही विचारलं नाही. रात्री त्यांनी सदरा स्वतःच्या हाताने धुतला आणि वाळत घातला. उद्या पुन्हा घालतील.

तुझी
वच्छी